जुनाट अपचन आणि चिनी काढा: पोट बरं झालं ते कशाने?

सिंगापूरची_सून
तीन वर्षं अर्धी पोळी खाल्ली की पोट गच्च व्हायचं. दुपारभर ढेकरा, मळमळ, जेवणाची भीतीच बसली होती. एंडोस्कोपी केली, काही निघालं नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही नाही. डॉक्टरांनी 'फंक्शनल डिस्पेप्सिया' असं नाव सांगितलं, म्हणजे जठर दिसायला ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं. आम्ल कमी करणारी गोळी सहा महिने घेतली. जळजळ गेली, जडपणा जागचा हलला नाही.

मग शेजारच्या चिनी आजी मला त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. इथे चिनी वैद्यांनाही सरकारी नोंदणी लागते, कोणीही उठून दुकान थाटू शकत नाही. वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, मग जीभ बाहेर काढायला लावली. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले होते, ते आरशात मलाही दाखवले. म्हणाल्या, 'तुमची प्लीहा थकली आहे.' त्यांची प्लीहा म्हणजे आपली डाव्या बरगडीखालची पाणथरी नव्हे. अन्नातून शरीराला बळ काढून देणारी ती एक शक्ती, आपण अग्नी म्हणतो त्याच्या जवळची.

औषध होतं 'श्यांग शा लिऊ चुन त्झ थांग'. जिनसेंगसारखं एक मूळ, पोरिया नावाची बुरशी, ज्येष्ठमध, संत्र्याची जुनी वाळवलेली साल, वेलदोड्याच्या जातीचं एक फळ आणि आणखी काही. मातीच्या भांड्यात तीन वाट्या पाणी घालून एक वाटी उरेपर्यंत आटवायचं. घरभर सालीचा वास सुटायचा. सहाव्या आठवड्यात मी वरण-भात पोटभर जेवले आणि उठून कामाला लागले. तीन वर्षांत असं झालं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की गंभीर आजार नाही याची तपासणी झाल्यावर या औषधाला उपचार म्हणा. 'झाडपाला' म्हणून उडवून लावू नका.

नाशिकचा_फार्मासिस्ट
ताई, तुम्हाला बरं वाटतंय याचा मनापासून आनंद आहे. पण 'काढ्याने बरं झालं' हे मला मान्य नाही. हा आजार आपोआप कमी-जास्त होतो. आणि चाचण्यांमध्ये नुसत्या पिठाच्या गोळीनेही दर तिघांत साधारण एकाला बरं वाटतं. तुम्ही त्या एकातल्या नाही हे कशावरून?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या एका उपचारात चिनी वनस्पती वापरल्या होत्या. एका मुळाच्या जागी नावात साम्य असलेलं दुसरंच मूळ आलं. त्यात अरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराहून जास्त स्त्रियांचे मूत्रपिंड खराब झाले, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्यांनाही कोणी विष म्हणून दिलं नव्हतं. तुमच्या काढ्यात 'मू श्यांग' नावाचं मूळ असतं, त्याचंही तेच आहे. त्याच नावाशी जुळणारं 'छिंग मू श्यांग' हे अरिस्टोलोकियाचंच मूळ. पुडीत नक्की कोणतं आलं, हे घरच्या चुलीवर कळत नाही.

मालवणचे_वैद्य
मू श्यांग म्हणजे आपलं कोष्ठ. हिमालयातलं. चिनी लोक ते शतकानुशतकं आपल्याकडूनच मागवत होते. रानातून इतकं ओरबाडलं गेलं, की आज ते साइटिस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. फार्मासिस्टसाहेबांचा मुद्दा खरा आहे, माल महाग आणि दुर्मीळ झाला की भेसळ आलीच.

पण ताईंना माझा प्रश्न वेगळा. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि तुपात परतलेला हिंग, एवढंच हिंग्वष्टकात असतं. पहिल्या घासाला तुपातून घ्यायचं. प्रत्येक जिन्नस तुमच्या मिसळणाच्या डब्यात ओळखीचा. हे सोडून अनोळखी मुळांकडे का गेलात?

ओसाकाहून
जपानमध्ये हाच प्रकार वेगळ्या रूपात आहे. मूळ चिनी सहा द्रव्यांत आलं आणि बोर घालून इथे त्याला 'रिक्कुनशितो' म्हणतात. मला ते साध्या हॉस्पिटलातल्या, एमबीबीएससारखंच शिकलेल्या पोटाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. इथल्या सरकारी विम्यात अशी १४८ पारंपरिक औषधं बसतात. कारखान्यात मोजून भरलेली पुडी, त्यामुळे प्रत्येक पुडीत तेच.

फार्मासिस्टदादा, नकली पुडीशी तुलना करून याची चाचणीही झाली आहे. आठ आठवड्यांची, २०१८ साली प्रसिद्ध झालेली. एकूण बरं वाटण्यात औषध पुढे राहिलं. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकावर ते काम करतं, असं संशोधन सांगतं. तेव्हा 'नुसता मनाचा खेळ' म्हणता येणार नाही.

लातूरची_लेक
मी वाद घालायला आले नाही. माझे बाबा दीड वर्ष एकाकडून चूर्ण आणून घेत होते. चिनी नव्हतं, गावाकडचंच. खाल्ल्यावर बरं वाटायचं म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. विजार सैल झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. शौचाला काळं होत होतं, ते त्यांनी लाजेने आईलाही सांगितलं नाही. एंडोस्कोपी झाली तेव्हा जठराचा कॅन्सर यकृतात गेला होता.

ताई, तुम्ही आधी तपासणी केलीत म्हणून तुमचं पटतं. पण वाचणारे सगळे फक्त काढ्याचं नाव टिपून घेतील. म्हणून तुमच्या धाग्यात पहिल्या ओळीतच लिहा: वजन घटत असेल, गिळायला त्रास, उलटी किंवा शौचात रक्त असेल, तर आधी डॉक्टर.

नाशिकचा_फार्मासिस्ट
ओसाकाकरांनी सांगितलेली चाचणी मान्य. त्या औषधापुरती. मोजून भरलेली पुडी आणि दुकानातल्या खणातून वजन करून दिलेली मुळं, यांना मी एका रांगेत बसवणार नाही.

ताई, एक विचारायचं राहिलं. दोन्हींत ज्येष्ठमध आहे. ते जास्त दिवस घेतलं तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे का?

सिंगापूरची_सून
लातूरच्या ताई, तुमचं वाचून हात थांबला. ती ओळ मी धाग्याच्या सुरुवातीला घालते आहे.

वैद्यबुवा, हिंग्वष्टक घेतलं होतं, चार महिने. वारा सरायचा, पण भूक आली नाही.

फार्मासिस्टदादा, गोळी चालू आहे. दोन वर्षं झाली. त्यातच पाणी उतरवणारं औषधही आहे. वैद्यबाईंनी 'इतर काही घेता का' विचारलं तेव्हा मी पोटाचीच औषधं सांगितली, ही सांगायची सुचलीच नाही. गेल्या आठवड्यापासून पायात गोळे येतात, मी ते चालण्यावर ढकललं होतं.

काढा बरा करतो, हे माझं मत अजून तसंच आहे. पण आज रात्रीचा आटवला नाही. उद्या सकाळी रक्त तपासायला द्यायला जाते, आणि दोन्ही औषधांची यादी एकाच कागदावर लिहून दोघांनाही दाखवते.

नाशिकचा_फार्मासिस्ट
उद्यापर्यंत थांबू नका. पायात गोळे आणि पाणी उतरवणारी गोळी एकत्र आहे, आज रात्रीच डॉक्टरांना फोन करा. छातीत धडधड किंवा खूप अशक्तपणा वाटला तर सरळ इमर्जन्सी. पोटॅशियमचा आकडा आला की इथे लिहा, मी जागा आहे.