काच जळत नाही, काकवी होते!
वर एकांनी लिहिलंय की गॅमा किरणांनी (किरणोत्सारी पदार्थांतून निघणाऱ्या भेदक किरणांनी) काच 'जळून' तपकिरी होते. जळत नाही हो! किरणांमुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन काचेच्या अणुरचनेतल्या दोषांत अडकतात, आणि ती अडकलेली जागाच प्रकाश शोषते. आमच्या कोल्हापुरात माझ्या टेबलावर गॅमा दिलेली एक टेस्ट ट्यूब आहे. रंग थेट गुऱ्हाळातल्या काकवीचा. तिच्या जोडीची दुसरी भट्टीत चांगली तापवली, तर परत पहिल्यासारखी पारदर्शक! जळलेलं असं परत येतं काय? म्हणून तर हॉट सेलच्या, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या जाड भिंतींच्या बंद खोलीच्या, खिडक्यांच्या काचेत सिरियम हे मूलद्रव्य घालतात. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण तो स्वतःवर घेतो, काच फारशी काळवंडत नाही. मूळचा किंचित पिवळसरपणा मात्र सोसावा लागतो.

विजेचं कुणी काढलंच नाही, खरी गंमत तिथंच आहे. किरण चालू असेपर्यंत काचेची वाहकता वाढते, बंद केले की उतरते. पण इलेक्ट्रॉनचा झोत जाड काचेवर सोडला तर विद्युतभार आतच साठून राहतो. मग जमिनीला जोडलेलं धातूचं टोक नुसतं टेकवलं तरी कडाड्! आत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते, आणि ती तापवूनही सहजी जात नाही.