मदत हवी आहे: गॉगोमोबिल टी २५० – आतलं इंजिन खरंच २५० सीसीचं आहे का?

इसारकाठ:
म्युनिकजवळ एक गॉगोमोबिल, म्हणजे छोटी जुनी जर्मन मोटारगाडी, विकायला आहे. कागदांवर टी २५०, साल १९५९. मालक म्हणतात, मधे कधीतरी इंजिन बदललं असावं. दारांची बिजागरं मागच्या बाजूला, काचा हँडलने खाली-वर होतात, वायपर दोन. साल जुळतंय का? इंजिन २५० की ३००, कसं ओळखू? गाडी बरीच वर्षं उभी आहे, चालू करण्याआधी काय बघू?

दोनस्ट्रोक:
साल जुळतंय. डिंगोल्फिंगच्या हान्स ग्लास कारखान्यातून १९५५ पासून निघालेल्या सुरुवातीच्या गाड्यांना सरकत्या काचा आणि एकच वायपर होता. ते १९५७ मध्ये बदललं. उलटी उघडणारी दारं मात्र १९६४ पर्यंत राहिली.

इंजिन बाहेरून बघून ठरवू नका. हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. तिन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ५६ मिमीच. बोअर २५० ला ५३, ३०० ला ५८ आणि ४०० ला ६७ मिमी. पुन्हा बोअर केलं असेल तर अर्धा-एक मिमी जास्त भरेल, पण ५३ चं ५८ होत नाही. कागद आणि इंजिन जुळत नसेल तर भाव ठरवण्याआधीच तो विषय काढा, पुढे तपासणीत अडकाल.

२५० चीच मागणी का होती तेही सांगतो. जर्मनीत १९५४ पर्यंत मिळणाऱ्या चौथ्या वर्गाच्या परवान्यावर २५० सीसीपर्यंतची गाडी चालवता यायची. मोटारसायकलवाल्यांना पावसात डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि नवा परवाना काढायची गरज नव्हती. ग्लासने नेमकी ही नस पकडली. माझ्या मते या गाडीच्या यशाचं अर्धं श्रेय त्या परवान्याला आहे.

जुनीचाकं:
बोअरबद्दल सहमत. पण उभ्या गाडीत खरी भीती क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) रबरी ऑइल सीलची. वर्षानुवर्षं पडून रबर कडक होतं, क्रँककेस बाहेरची हवा ओढतं, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं आणि पिस्टन जाम होतो. खूण सोपी: अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली येत नाही, उलट चढतं, आणि प्लग पांढरट निघतो. असं दिसलं की लगेच बंद करा. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून हे सुटणार नाही, दोन्ही बाजूंचे सील बदलावेच लागतात.

आधी प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि मग क्रँक हाताने फिरवा. अडलं तर स्टार्टर मारू नका. पंख्याच्या आवरणाखालच्या फिन्समध्ये (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये) तेलकट मळ साचतो, तो खरवडून काढा. हे इंजिन हवेवर थंड होतं, वाट बुजली की तापलंच. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण २५ ला १, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल.

इसारकाठ:
आभार. लांब उतारावर काही काळजी घ्यायची?

दोनस्ट्रोक:
हो. अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरू नका. ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, पेट्रोल बंद झालं की पिस्टन कोरडा. मधून मधून थोडा अॅक्सिलरेटर देत राहा.