चर्चा : घरच्या घरी टॅटू काढण्यासाठी परमनंट मार्कर वापरावा का?

रेघोटी :
माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने परवा दुपारी मनगटांवर फुलपाखरे काढली. मार्करने चित्र काढायचे, त्यावर पावडर थापायची आणि वरून हेअरस्प्रे मारायचा, ही त्यांनी कुठेतरी पाहिलेली पद्धत. मार्कर मात्र घेतला तो डब्यांवर नावे घालण्याचा, परमनंट. चित्र खरोखर सुरेख होते. त्वचेच्या बारीक घड्यांमध्ये शाई पसरून पंखांच्या कडांना आपोआप शिरा उमटल्या होत्या. रात्री ते साबणाने निघेना, म्हणून मुलीने भांड्यांच्या घासणीने मनगट घासले आणि सकाळी तिथे लाल, हुळहुळणारा चट्टा होता.

असा मार्कर अंगावर वापरूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यावर ‘बिनविषारी’ लिहिलेले असते ते कागदावर किंवा पुठ्ठ्यावर करायच्या नेहमीच्या वापरापुरते. ती शाई दिवसभर त्वचेवर ठेवावी, असा त्याचा अर्थ कोणीही काढू नये.

निळी दौत :
आपली काळजी समजते, पण निष्कर्ष पटत नाही. आपल्याच हकीकतीत चट्टा उठला तो घासणीने. सुईने टोचलेल्या टॅटूची शाई त्वचेच्या खालच्या थरात जाते म्हणून ती टिकते. मार्करची शाई सर्वांत वरच्या मृत पेशींवर बसते आणि त्या पेशी झडतात तशी काही दिवसांत निघून जाते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरही रुग्णाच्या अंगावर मार्करनेच खुणा करतात. खाण्याचे तेल लावून दहा मिनिटे थांबले आणि मऊ कापडाने पुसले, तर बराचसा रंग उतरतो. मुलीला हे आधी सांगितले असते, तर मनगट सोलवटले नसते.

रेघोटी :
घासणीचा दोष मान्य आहे. शस्त्रक्रियेचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे, कारण तो मार्कर निर्जंतुक केलेला असतो, त्यात बहुधा जेन्शियन व्हायोलेट हा रंग असतो, आणि तो मुळातच त्वचेसाठी बनवलेला असतो. डब्यांवर लिहायच्या मार्करमध्ये रंगाबरोबर अल्कोहोलसारखी द्रावके आणि पृष्ठभागाला चिकटून राहणारी रेझिन असते. खरचटलेल्या जागी किंवा इसब असलेल्या त्वचेवर तो लागला, तर मृत पेशींचा आडोसाही उरत नाही.

उन्हातली रेघ :
दोघांचेही लक्ष शाईवरच आहे. मला पावडर आणि हेअरस्प्रे यांची अधिक धास्ती वाटते. मनगटाशी नाक नेऊन मुले फवारा मारतात. टाल्कची धूळ आणि फवाऱ्याचे थेंब दोन्ही श्वासात जातात. शिवाय हेअरस्प्रे ज्वालाग्राही असतो, तो गॅसच्या शेगडीजवळ मारू नये. आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारे मिश्रण तर घरात आणूच नका. त्यात पुष्कळदा केसांच्या कलपातले पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायमीन) हे रसायन असते; त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर कलप लावणेही अवघड होऊन बसते.

निळी दौत :
पावडर आणि फवाऱ्याबद्दलचे म्हणणे मी स्वीकारतो. ते दोन्ही वगळले, तर चित्र फार तर एक दिवस कमी टिकेल. पण सरसकट बंदीला माझा विरोध कायम आहे, कारण बंदी घातली की हेच काम दाराआड होते, आणि तिथे तेलाची वाटी नसते. त्वचेसाठीच बनवलेले, सौंदर्यप्रसाधनांतले रंग वापरणारे पेन मिळतात, ते द्यावेत. कोपराच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका काढून दोन दिवस वाट पाहावी, कारण ॲलर्जीची खाज पुष्कळदा लगेच उठत नाही.

रेघोटी :
अकरा वर्षांची मुलगी दोन दिवस वाट पाहील, यावर माझा विश्वास नाही. ठिपक्याची चाचणी मोठ्यांनीच सुटीच्या आधी उरकून ठेवली पाहिजे. त्वचेच्या पेनला माझी हरकत नाही, कधी नव्हतीच. मुलीने काल विचारले तेव्हा तेच कबूल केले आहे. चेहरा, डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ मात्र वगळायचे, आणि पेन दुसरीला वापरायला द्यायचा नाही. परमनंट मार्कर मी वरच्या फळीवर ठेवला आहे. तो खाली काढावा असे वाटण्याजोगे कारण निळी दौत यांच्या तीनही मुद्द्यांत मला सापडले नाही.

निळी दौत :
फळीवर ठेवा, पण तो का ठेवला हे तिला सांगा. तेवढे केलेत, तर आपल्यात वाद उरत नाही.