दुपारचा गट आणि सकाळचा गट: इथंच घोळ आहे

संगीत लावून शब्द पाठ केले तर मुलांना ते जास्त आठवतात की कमी, हे तपासायच्या प्रयोगासाठी इथे सुचवलंय की संगीत लावून पाठांतर करणारा गट दुपारी बसवा, शांततेतला सकाळी, म्हणजे एकच खोली पुरेल. खोली पुरेल हो, पण एप्रिलमधल्या सोलापूरच्या दुपारी पारा चाळिशीपार असतो. दुपारच्या मुलांना कमी शब्द आठवले तर दोष संगीताला द्यायचा की उन्हाला? बाह्य चल (निकालावर परिणाम करणारी बाहेरची गोष्ट, इथे ऊन) स्वतंत्र चलाला (आपण मुद्दाम बदलतो ती गोष्ट, इथे संगीत) असा चिकटला की निकालाचा अर्थच लावता येत नाही. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून गट पाडा आणि दोन्ही एकाच वेळी, शेजारच्या खोल्यांत बसवा. सूचना छापील कागदावरूनच वाचा, उगाच एका गटाला जास्त समजावणं नको.

त्याहून चिवट चल भाषेचा, त्यावर कुणीच बोललेलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड. मराठी शब्दांची यादी सगळ्यांना सारखी कशी पडेल? जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 च्या स्मृतिसंशोधनात निरर्थक अक्षरसमूह वापरले, ते पूर्वीच्या अर्थांची लुडबुड टाळायलाच. तुम्हीही ‘झूप’, ‘टेग’ असले तुकडे घ्या. मात्र तिन्ही भाषांच्या पोरांना आधी विचारा, एखादा तुकडा कुणाच्या घरी शिवी निघायचा!