अनुभव धागा : दुकानाचा हिशोब, वही, उधारी

भुसारवाला
काल माळा आवरताना बाबांची लाल कापडी वही सापडली. १९९४ची. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, खाली 'श्री'. आमचं तालुक्याला किराणा-भुसार. रात्री शटर अर्धं ओढलं की बाबा गल्ला पाटावर ओतायचे आणि मी नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावायचो. कालची शिल्लक, त्यात आजची जमा, वजा खर्च, आणि मग हातातली रोकड जुळते का ते बघायचं. एकदा साडेतीन रुपये जुळेनात. साडेअकरा वाजले, आई दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी आठवलं, हमालाला चहाला दिले होते. ते लिहिलं, खाली रेघ मारली, मगच उठले. मला तेव्हा भयंकर राग यायचा. आता बिलिंग संगणकावर आहे, तरी रात्रीची रेघ मी हातानेच मारतो.
तुमच्याकडचं लिहा. फटका बसला असेल तर तोही.

खमंग
आमचं फराळाचं. तीन दिवाळ्या वाटत होतं चकलीत चांगलं सुटतं, कारण हातात पैसे खेळत होते. पण तेलाचा डबा घरच्या किराण्यात यायचा, गॅस घरचा, पिशव्या-लेबलं मुलाच्या वह्यांबरोबर. भावजयीने बसवून मांडायला लावलं तर किलोमागे १८ रुपये! त्यात माझी मजुरी धरलीच नव्हती. रडले त्या दिवशी. आता सिलिंडर कमर्शियल, खातं वेगळं, क्यूआर वेगळा. भाजीला पैसे लागले तरी 'घरखर्चास उचल' लिहून मगच काढते.

सातारी_कंदी
भाजणी विकता का?

खमंग
हो, व्यनि (खाजगी निरोप) करा. पण दसऱ्यानंतर लगेच सांगा, नंतर हात रिकामा नसतो.

वेल्डिंग राॅड
बिलांचे फोटो काढा लोकहो. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उडते. मी वर्षभराची खोक्यात भरून सीएकडे नेली, अर्धी कोरी निघाली. गाडीत काचेपाशी ठेवलेली उन्हाने काळी पडली ती वेगळीच. आता बिल हातात आलं की फोटो, आणि मागे पेनाने कशाचं ते.
दुसरं, एका कंपनीकडे माझे १ लाख ४० हजार सात महिने अडकले. माल पाठवला होता, पण डिलिव्हरी चलनाच्या माझ्या प्रतीवर माल घेणाऱ्याची सही नव्हती. नुसतं फोनवर 'पाठवा'. कुणाला दाखवणार?

आकडेमोड
@वेल्डिंग राॅड उद्यम नोंदणी आहे का? सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे मुदत नेता येत नाही, करार नसेल तर १५. आणि २०२३-२४पासून त्यांनी मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्यांना आयकरात वजा मिळत नाही. पत्रात हे वाक्य घाला, त्यांचा अकाउंट विभाग हलतो. फक्त व्यापाऱ्यांना हे लागू नाही, निर्मिती आणि सेवावाल्यांना आहे.

वेल्डिंग राॅड
नोंदणी आहे पण बिलावर नंबर छापलेला नाही. उद्याच शिक्का करून घेतो. खूप उपकार.

पैठणीवाली
आमचं कंपोझिशन, म्हणजे जीएसटीची छोट्या दुकानदारांसाठीची सोपी योजना. शंभराला रुपया कर, पण तो विक्रीवर, नफ्यावर नाही. हे डोक्यात बसायला मला वर्ष लागलं. आता दर शनिवारी तेवढे पैसे दुसऱ्या खात्यात टाकते. तिमाही संपली की १८ तारखेच्या आत भरायचे असतात, तेव्हा धावपळ होत नाही. कुकर झाला, येते.

दिवाबत्ती
हे गेले तेव्हा इलेक्ट्रिकच्या दुकानाचा सगळा हिशोब यांच्या डोक्यात. खिशात छोटी डायरी होती, तीत नुसती अक्षरं आणि आकडे. 'पा. २४००'. 'वा. मोटर ९००'. मी आणि दीर महिनाभर घेऊन बसलो. पा. म्हणजे पाटील म्हणावं तर गावात पाटलांची चाळीस घरं. तेराव्यानंतर एक वायरमन स्वतः आला. "वहिनी, ते वा. म्हणजे मी." पैसे टेबलावर ठेवले, चहासुद्धा घेतला नाही. सगळे तसे नव्हते, बरंच बुडालं.
आता उधारीच्या प्रत्येक ओळीत पूर्ण नाव, गाव, मोबाईल आणि नेणाऱ्याची सही. मुलगी अकरावीला आहे, तिला दर रविवारी वही वाचायला लावते. उद्या मला काही झालं तर तिच्यावर ही पाळी नको.

खमंग
ताई 🙏 काय लिहू कळत नाही.

पैठणीवाली
दिवाबत्तीताई, हे वाचून आत्ता ह्यांना हाक मारली. कुणाकडून किती येणं आहे ते आजच लिहून घेते.

सातारी_कंदी
लाल वह्या अजून मिळतात का कुठे? आमच्याकडे पूजेला सुद्धा साधं रजिस्टर ठेवतात.

वेल्डिंग राॅड
पुण्यात बोहरी आळीत बघा. दिवाळीच्या आधी ढिगाने येतात.

आकडेमोड
@भुसारवाला जुन्या वहीला कसर लागू देऊ नका. फडक्यात वेखंड बांधून ठेवा, आमच्या आजीची पद्धत.

भुसारवाला
वेखंड आणलं आजच. वही परत चाळली. उधारीच्या पानांत माझंही खातं निघालं, बाबांच्या अक्षरात, पूर्ण नावाने. 'भोवरा, नावे ८ रुपये.' पुढची सगळी पानं बघितली, जमा कुठेच नाही.