टोल कुठे घ्यायचा हे ठरतं कसं? मामांच्या पासबद्दलही मदत हवी आहे

मंडळी, मी नागपूरचा. मामांचं गाव हिंगणघाट रस्त्यावर, बोरखेडीच्या टोलनाक्यापासून जवळच. बाजार, दवाखाना, शेतीची कामं, सगळ्यासाठी त्यांची कार नाका ओलांडते. "गाडी घेतानी रोड टॅक्स भरला, डिझेलवर सेस (उपकर) भरतो, मंग टोल काऊन?" असं ते विचारतात, आणि मला ते रास्त वाटतं.

वाचून कळलं ते असं. रोड टॅक्स राज्याच्या तिजोरीत जातो. सेस केंद्राकडे, आणि तो देशभरातले रस्ते, रेल्वे अशा अनेक कामांत वाटला जातो. चौपदरी महामार्ग त्यात भागत नाही. मग कर्ज काढून किंवा खाजगी पैशातून बांधायचा आणि वापरणाऱ्याकडून वसूल करायचा. राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलचे दर केंद्राच्या 2008 च्या नियमांनी ठरतात. राज्याच्या रस्त्यांचं राज्य ठरवतं: 2015 मध्ये महाराष्ट्रानं 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर कारना सूट दिली. म्हणून एका रस्त्यावर टोल, शेजारच्यावर नाही.

इथवर पटतं. पण समृद्धी महामार्गावर जेवढे किलोमीटर तेवढाच टोल, आणि इथे नाका ओलांडून पुढच्याच गावी गेलं तरी पूर्ण टप्प्याचे पैसे! नाक्याशेजारी राहणाऱ्यांवर हा सरळ अन्याय आहे.

नाक्यापासून 20 किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी गाडीला मासिक पास मिळतो. मामांचं आधार गावचं, पण आरसीवर पत्ता नागपूरचा. अडचण येईल का? की फास्टॅगचा वार्षिक पासच काढावा (2025 मध्ये 3000 ला सुरू झाला तो)?

प्रतिसाद:
दादा, आधी मामा महिन्यातून किती वेळा जातात ते मोजा. वार्षिक पासात 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. जाणं आणि येणं या दोन फेऱ्या धरतात. रोज ये-जा असेल तर सव्वातीन महिन्यांत पास संपला. मग त्यांना मासिकच परवडेल, 2025-26 मध्ये 350 च्या आसपास होता, पण तो त्या एकाच नाक्यावर चालतो. महिन्याला सात-आठदाच जाणं असेल तर वार्षिक घ्या. राष्ट्रीय महामार्गावरच्या इतर नाक्यांवरही चालेल आणि पत्त्याचा प्रश्नच येणार नाही. समृद्धीवर मात्र चालत नाही. मासिक पाससाठी आरसीवरचा पत्ता चालेल का हे नाक्यावरच्या ऑफिसात विचारा, आधार आणि आरसी दोन्ही सोबत न्या.