जादूच्या मालिकेचा निरोप: संच ठेवावा की द्यावा?

कृष्णाकाठ: घर सांगलीत, नोकरी बाहेरगावी. शाळेपासूनची सात भागांची मालिका आता परत वाचली जाणार नाही. माळ्यावर ठेवू की देऊन टाकू?

अजिंक्यतारा: द्यायची तर पूर्ण द्या. एक भाग काढलात की उरलेल्यांना कोण विचारतो? आधी ग्रंथपालांशी बोला. कसर लागलेली पुस्तकं वाचनालय सहसा घेत नाही, आणि बरोबरच आहे. भिलार पुस्तकांचं गाव खरं, पण तिथंही न विचारता गठ्ठा नेऊ नका.

हळदपेठ: ठेवायची तर माळाच बरा, २०१९चा पूर आठवा. मात्र पावसाळ्यात पॅक करू नका. दमट हवेत डबा बंद केला की ओल आत कोंडते, बुरशी धरते. दिवाळीनंतर सावलीत दोन दिवस उघडी ठेवा. कडक उन्हात डिंक तडकतो, बांधणी सुटते. कसर दिसली तर पिशवी घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार पानांवर पाणी धरतं.

कृष्णाकाठ: फक्त पहिला भाग ठेवला तर?

अजिंक्यतारा: पोरं पहिलाच मागतात हो! त्याची वेगळी प्रत घ्या.